गाण्याचा धनी आणि चित्रपट



विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काही रसिक मंडळी गाण्याविषयी दोन गोष्टी ऐकावयास मिळतील म्हणून आली असतील. त्यांची थोडी निराशा होणार आहे. रागतालाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही बोलणार आहोत ते कागदाविषयी. पडद्यावर हलणाऱ्या चित्राखाली एखादे गाणे वाजू लागते तेव्हा कोणी कोणाची परवानगी घ्यावयाची, पैसे किती द्यावयाचे, आणि ज्याच्या पाठीशी मोठी कंपनी नाही अशा एकट्या संगीतकाराने त्या व्यवहारात कसे उभे राहावयाचे, हा आजचा प्रश्न आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु त्यात माणसांची घरे बसली आहेत आणि क्वचित उभीही राहिली आहेत.

प्रश्न आपल्या दारापर्यंत आलेला आहे म्हणून आम्ही तो निवडला. आज तालुक्याच्या गावातही मुलेमुली घरच्या घरी चाली बांधतात, ध्वनिमुद्रण करतात आणि जगापुढे ठेवतात. मग कोठून तरी निरोप येतो, की तुमचे गाणे आवडले, आमच्या मालिकेत घेतो, पैसे नाहीत पण नाव होईल. सोबतच्या कागदावर सही करा. त्या कागदाला दीडशे वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसला तर सही फार सहज होते.

आरंभ पॅरिसपासून करू. १८४७ साली शाँझेलिझे या हमरस्त्यावरच्या ‘अँबासादर’ नावाच्या कॅफेत एर्नेस्ट बुर्जे हा गीतकार दोन संगीतकार मित्रांसह बसला होता. तेथील वादक जे वाजवीत होते ते याच मंडळींचे होते. बिल आले तेव्हा बुर्जेने पैसे देण्याचे नाकारले. तुम्ही आमच्या गाण्याचे पैसे देत नाही, मग आम्ही तुमच्या पेयाचे का द्यावे, असा त्याचा रोकडा सवाल होता. भांडण न्यायालयात गेले आणि बुर्जे जिंकला. पण जिंकल्यावर त्याच्या ध्यानात आले की, पॅरिसमधल्या प्रत्येक कॅफेत एकट्याने जाऊन बसणे शक्य नाही. त्यातून १८५१ साली गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांची ‘सासेम’ ही संस्था निघाली. ती आजही चालू आहे. एकट्याचा हक्क अनेकांनी मिळून वसूल करावयाचा, ही कल्पना येथून जगभर गेली. अमेरिकेत १९१४ साली ‘अ‍ॅस्कॅप’ निघाली ती याच धर्तीवर. न्यूयॉर्कमधील एका भोजनगृहाने ‘आम्ही गाण्याचे वेगळे तिकीट लावीत नाही’ असा बचाव केला, तेव्हा १९१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो साफ फेटाळला: गिऱ्हाईक जेवणाचे जे दाम मोजते त्यात गाण्याचेही दाम आलेच.

आता एक भेद नीट समजून घ्यावयास हवा, कारण पुढचा सारा घोटाळा त्यातूनच होतो. गाण्याचे हक्क दोन. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा; दुसरा त्या रचनेच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. घराची जागा एकाची आणि वरचे बांधकाम दुसऱ्याचे असावे, तसे हे आहे. चित्रपटाला एखादी जुनी तबकडी जशीच्या तशी वापरावयाची असेल तर दोन्ही धन्यांकडे जावे लागते. त्यांतला एक जरी नाही म्हणाला तरी काम अडते.

१९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या, छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांचा खटला आला. न्यायालय म्हणाले, ही माणसाला वाचता येईल अशी प्रत नव्हे. सबब रचनाकाराला काही देणे लागत नाही. यावर इतका गहजब झाला की दुसऱ्याच वर्षी, १९०९ साली, नवा कायदा आला. त्याने प्रत्येक गुंडाळीमागे आणि तबकडीमागे दोन सेंट असा दर बांधून दिला. रचनाकाराने एकदा कोणाला तरी मुद्रणाची मुभा दिली, की इतर कोणीही तेवढे पैसे भरून ते गाणे पुन्हा मुद्रित करावे. दर तुटपुंजा होता, पण दर होता. कोपऱ्यातल्या अनोळखी संगीतकाराला आणि नावाजलेल्याला तोच.

चित्रपटाच्या बाबतीत असे कधीच घडले नाही. चित्रात गाणे बसविण्याच्या परवानगीला धंद्यातील लोक ‘सिंक’ म्हणतात. चित्र आणि ध्वनी यांची सांगड घालण्याला जो लांबलचक इंग्रजी शब्द आहे त्याचे हे लघुरूप. या परवानगीचा दर ना अमेरिकेच्या कायद्याने बांधला, ना आपल्या. ती शुद्ध घासाघीस आहे. एकाच लांबीच्या गाण्याला एकाला काही लाख मिळतील आणि दुसऱ्याला चहा. आमच्या मते एकट्या संगीतकाराच्या अडचणीचे मूळ येथे आहे. जेथे दर ठरलेला असतो तेथे अडाण्याचेही फारसे नुकसान होत नाही. जेथे घासाघीस असते तेथे ज्याला माहिती अधिक तो जिंकतो.

मूकपटाच्या काळात हा प्रश्न धूसर होता. पडद्याजवळ पियानोवाला किंवा वाद्यवृंद बसे, आणि कोणत्या प्रसंगी काय वाजवावे याच्या याद्या कंपन्या पाठवीत. अ‍ॅस्कॅप मग चित्रपटगृहाच्या आसनांच्या संख्येवरून वर्षाचे पैसे आकारी. लंडनमध्ये मेयर द वोल्फ नावाच्या गृहस्थाने १९०९ साली मूकपटांना संगीत पुरविण्याचा उद्योग काढला. पुढे बोलपट आल्यावर त्याच पेढीने तयार ध्वनिमुद्रित संगीताची कोठारे उभी केली. पाठलाग, सूर्योदय, शोक, कारखाना, जे हवे ते काढून न्यावे. निनावी संगीतकारांना अशा कोठारांनी काम दिले हे खरे. त्याबरोबर त्यांची नावे बहुधा कोठारातच राहिली हेही खरे.

१९२७ साली ‘द जॅझ सिंगर’ आला आणि गाणे पडद्यालाच चिकटले. वॉर्नर बंधूंनी काय करावे? प्रत्येक गाण्यासाठी प्रकाशकाच्या पायऱ्या झिजविण्याऐवजी त्यांनी १९२९ साली ‘विटमार्क’ आदी मोठ्या संगीत-प्रकाशन पेढ्याच विकत घेतल्या! परवानगी मागणारा आणि देणारा एकच झाला. ज्याच्याजवळ पेढी विकत घेण्याइतके पैसे असतात त्याला परवानगीचा प्रश्न असा सुटतो. रचनाकाराला मात्र पुढे आणखी एक तडाखा बसला. १९४८ साली चित्रपटगृहवाल्यांनी अ‍ॅस्कॅपविरुद्ध मक्तेदारीचा खटला जिंकला, आणि तेव्हापासून अमेरिकेतील चित्रपटगृहांत चित्रपट लागला म्हणून त्यातल्या संगीतकाराला प्रयोगाचे वेगळे पैसे मिळत नाहीत. तोच चित्रपट फ्रान्समध्ये लागला तर मिळतात. दूरचित्रवाणीवर लागला तर अमेरिकेतही मिळतात.

आता एका माणसाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण तिच्यात हा सारा विषय सामावलेला आहे.

सॉलोमन लिंडा हा दक्षिण आफ्रिकेतील झुलू. नाताळ प्रांतातल्या खेड्यातून तो जोहान्सबर्गला पोटासाठी आला आणि तेथील गॅलो या तबकडी-कंपनीत हमाली-बांधणीचे काम करू लागला. लिहिता-वाचता येत नव्हते. गाता मात्र येत होते. ‘इव्हनिंग बर्ड्‌स’ नावाचा त्याचा मेळा होता. १९३९ साली याच कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात त्याने ‘म्बुबे’, म्हणजे सिंह, हे गाणे गायले. लहानपणी गुरे राखताना सिंहांना हाकलल्याची आठवण त्यामागे होती. मुद्रण चालू असताना शेवटी शेवटी त्याने वरच्या पट्टीत एक चाल उत्स्फूर्तपणे घेतली. कागदावर ती कोठेच नव्हती. तबकडी आफ्रिकेत तुफान खपली. लिंडाने हक्क कंपनीला दिले आणि त्याबद्दल त्याला मिळाले दहा शिलिंग.

ती तबकडी अमेरिकेत लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांच्यामार्फत पीट सीगर यांच्या हाती पडली. सीगरांच्या ‘वीव्हर्स’ मेळ्याने ‘विमोवे’ या नावाने ते गाणे लोकप्रिय केले. रचनाकार म्हणून नाव लागले ‘पॉल कॅम्पबेल’. या नावाचा मनुष्य अस्तित्वातच नव्हता; लोकगीत समजून घेतलेल्या चालींचे पैसे गोळा करण्यासाठी ते टोपणनाव घेतलेले होते. (आपल्याकडेही तबकडीवर ‘पारंपरिक’ हा शब्द छापलेला दिसला की आम्हांला जरा शंका येते. परंपरा खरीच असते. पण कधी कधी तिच्या मागे एखादा जिवंत शाहीरही असतो.) पुढे १९६१ साली जॉर्ज वाइस यांनी त्याच चालीला नवे इंग्रजी शब्द जोडले आणि ‘टोकन्स’ या मेळ्याचे ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६२ साली, लिंडा वारला. मागे पैसा नव्हता. थडग्यावर दगड बसविण्यासही घरच्यांना कित्येक वर्षे लागली. दरम्यान त्याच्या विधवेच्या आणि पुढे मुलींच्याही सह्या हक्कांच्या कागदांवर घेतल्या गेल्या.

१९९४ साली डिस्नेचा ‘द लायन किंग’ आला. त्यात दोन प्राणी त्या गाण्याच्या काही ओळी गातात. चित्रपट जगभर चालला, त्याचे नाटक झाले, आणि लिंडाच्या मुली सोवेटोत हलाखीत राहत होत्या. २००० साली रिअन मलान या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने ‘रोलिंग स्टोन’मध्ये या गाण्याचा सारा प्रवास लिहून काढला तेव्हा जगाला लाज वाटली. पण लाज हा काही कायद्याचा मुद्दा नव्हे. मुद्दा शोधून काढला ओवेन डीन या वकिलांनी.

१९११च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यात एक विस्मृतीत गेलेले कलम होते. डिकन्सच्या नावाने ते ओळखले जाते. रचनाकाराने हयातीत हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर 25 वर्षांनी ते वारसांकडे परत यावेत, असे ते सांगते. दक्षिण आफ्रिकेत तो कायदा त्या काळी लागू होता. १९६२ मध्ये 25 मिळवा: १९८७. ‘द लायन किंग’ १९९४चा! डीन यांनी २००४ साली डिस्नेवर दावा लावला आणि परदेशी कंपनीला त्या न्यायालयाच्या कक्षेत आणण्यासाठी तिची दक्षिण आफ्रिकेतील नोंदलेली व्यापारचिन्हे जप्त करविली. हमालाच्या मुलींनी मिकी माउसला जप्ती लावली, असे वृत्तपत्रांना लिहिता आले. २००६च्या फेब्रुवारीत तडजोड झाली. लिंडाला सहरचनाकार म्हणून मान्यता मिळाली आणि वारसांना मागचे पैसे व पुढचा वाटा देण्याचे ठरले.

लिंडाला फसविणारा एखादा खलनायक या गोष्टीत सापडत नाही, हे आम्हांला सर्वांत अधिक अस्वस्थ करते. कंपनीने त्या वेळची रीत पाळली. वीव्हर्सनी ते लोकगीत मानले. चित्रपटवाल्यांनी ज्याच्याकडे कागद होता त्याच्याकडून परवानगी घेतली. प्रत्येक पायरीवर कागद होता. तो ज्याला वाचता येत नव्हता त्याच्या वतीने वाचणारा मनुष्य मात्र साठांहून अधिक वर्षांनी भेटला.

आता १९११चा तो कायदा आपल्याला परका नाही. १९१४ साली थोड्या फेरफारांनी तो हिंदुस्थानात लागू झाला आणि १९५७चा आपला कायदा जानेवारी १९५८ मध्ये अमलात येईपर्यंत तोच चालू होता. म्हणजे १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव यांनी प्रभातसाठी चाली बांधल्या, तो सारा काळ त्याच कायद्याच्या छत्राखालचा. कंपनीच्या पदरी काम करणाऱ्याची चाल कंपनीची, हा नियमही त्यातलाच. त्या काळी कोणाला त्यात वावगे वाटले नाही. महिना मिळत होता आणि नाव पडद्यावर येत होते. परंतु पुढे कंपन्या मोडल्या, संगीतकार चित्रागणिक ठरू लागले, तबकड्या लाखांनी खपू लागल्या, आणि निर्मात्याला तबकडीवर वाटा मिळतो तर आम्हांला का नाही, असे विचारले जाऊ लागले. १९६० नंतरच्या काही वर्षांत लताबाई मंगेशकरांनी गायकांच्या वाट्याचा आग्रह धरला. महंमद रफींचे मत असे की, ठरलेली बिदागी घेतली की संबंध संपला. दोघांचे यावरून बिनसले आणि काही काळ त्यांनी एकत्र गाणे सोडले. रफींची वृत्ती संताची होती. पण हिशेबाच्या बाबतीत आम्ही लताबाईंच्या बाजूचे आहोत.

१९६९ साली मुंबईत गीतकार-संगीतकारांची ‘आयपीआरएस’ ही संस्था निघाली. बुर्जेची कल्पना शंभराहून अधिक वर्षांनी आपल्याकडे पोहोचली म्हणावयाची. तिने चित्रपटगृहांकडून पैसे मागताच निर्माते उठले, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चाल बांधून घेतली असेल आणि करारात उलट काही नसेल, तर पहिला धनी निर्माता. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक पुरवणी जोडली. आपल्या कायद्यात संगीत म्हणजे कागदावर उतरलेले स्वर, गाणाऱ्याच्या गळ्याला त्यात जागाच नाही, ही खंत बोलून दाखवून त्यांनी संसदेचे लक्ष तिकडे वेधले. खरोखरच १९५७च्या कायद्यातील व्याख्येप्रमाणे छापलेली, लिहिलेली किंवा चिन्हांनी दाखविलेली स्वररचना तेवढीच ‘संगीतकृती’ ठरत होती. ज्या देशात विद्या गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जाते तेथे ही व्याख्या! भातखंडे-पलुस्करांनी स्वरलिप्या रचल्या त्या विद्येसाठी, कोर्टासाठी नव्हे. ही व्याख्या १९९४ साली बदलली आणि गायक-वादकांचा प्रयोगहक्कही त्याच दुरुस्तीने आला.

त्याच दुरुस्तीतील एक गोष्ट गावच्या संगीतकाराने गाठीशी बांधून ठेवावी. हक्क लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच सराईत माणसे आपल्या कागदात ‘कायमचे’ आणि ‘अखिल विश्वात’ असे शब्द न चुकता घालतात. विश्व हा शब्द आम्ही अतिशयोक्तीने वापरलेला नाही. तो खरोखर घालतात. मंगळावर मालिका दाखविली जाईल तेव्हा वाद नको, अशी दूरदृष्टी.

मुदतीचे महत्त्व देणाऱ्याला तसेच घेणाऱ्यालाही असते. अमेरिकेत ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ नावाची रेडिओ केंद्रावरची मालिका १९७८ ते १९८२ या काळात चालली. तिच्यातल्या गाण्यांची परवानगी मर्यादित मुदतीची होती. पुढे मालिका घरगुती चकत्यांवर आणावयाची वेळ आली तेव्हा त्या गाण्यांचे पैसे परवडेनात. पुष्कळ ठिकाणी मूळ गाणी काढून भलतेच संगीत घालावे लागले.

आणि हातात कागद असलेल्या संगीतकाराचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. १९९९ साली मोबी या संगीतकाराच्या ‘प्ले’ या संग्रहाकडे आरंभी रेडिओने फारसे पाहिले नाही. त्याने त्यातले प्रत्येक गाणे चित्रपट, मालिका वा जाहिरातीत दिले, आणि त्या वाटेने तो संग्रह घरोघर गेला. काहींनी त्याला धंदेवाईक म्हणून नाके मुरडली. दुसरे उदाहरण केट बुश या इंग्रज गायिकेचे. तिचे १९८५चे गाणे २०२२ साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत वाजले आणि 37 वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. गाणे तिचे, आणि ध्वनिमुद्रणाचे हक्कही तिने स्वतःकडेच ठेवलेले. जागा आणि बांधकाम एकाच धन्याचे.

अशा व्यवहारांतून परदेशात संगीत निवडून परवानग्या जमविणारा एक स्वतंत्र पेशाच तयार झाला. अमेरिकेत २०१० साली त्यांचा संघही निघाला. त्यांना घाई असते. उद्या सकाळी भाग पाठवावयाचा असतो, आणि दोन धन्यांच्या चार नातेवाइकांना शोधण्यास वेळ नसतो. एकट्या संगीतकाराचे बळ नेमके येथे असते: शब्द, चाल आणि मुद्रण तिन्ही त्याचे असतील तर एका सहीत काम होते. पण त्यासाठी तबलजीने, बासरीवाल्याने, गीत लिहिणाऱ्या मित्राने मुद्रणाच्याच दिवशी दोन ओळी लिहून दिलेल्या हव्यात. मैत्रीत कसला कागद, असे आपण म्हणतो. आणि गाणे चालले की मैत्रीही जाते. मध्ये उभे राहून गाणी मालिकांपर्यंत पोहोचविणाऱ्या मंडळींचा वाटा पुष्कळदा निम्मा असतो. तो देण्यास आमची हरकत नाही, काम त्यांनी केले असेल तर. मात्र वाटा मागणे वेगळे आणि धनीपणच मागणे वेगळे. एकच गाणे चारजणांना दाखविण्याची मोकळीक आपल्याकडे राहते की नाही, हे आधी विचारावे.

आपल्याकडे २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी जोर लावला. चित्रपटासाठी लिहिलेल्या गीताच्या आणि बांधलेल्या चालीच्या रचनाकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराचा समान वाटा मिळालाच पाहिजे, आणि वारस किंवा वसुली-संस्था सोडून इतर कोणाला तो लिहून देता येणार नाही, असे आता कायदा म्हणतो. सही केली तरी तो हक्क जात नाही. लिंडाला जे हवे होते ते हेच. आयपीआरएस २०१७ साली नव्या कायद्याखाली पुन्हा नोंदली गेली आणि तिचे सभासद होण्यास कोणा निर्मात्याची चिठ्ठी लागत नाही.

शेवटी एक अगदी किरकोळ वाटणारा कागद. चित्रपट किंवा मालिकेचा भाग तयार झाला की त्यात कोणते संगीत किती मिनिटे, किती सेकंद वाजले, ते कोणाचे, पडद्यावर गायलेले की पार्श्वभूमीला, याची यादी करतात. तिला ‘क्यू शीट’ म्हणतात. दूरचित्रवाणीवर तो भाग जितक्या वेळा लागेल तितक्या वेळांचे पैसे वसुली-संस्था या यादीवरून वाटते. यादीत नाव नसेल तर सुरात कितीही गोडवा असो, पैसा दुसऱ्याकडे जातो किंवा कोणाकडेच जात नाही. ही यादी बहुधा निर्मितीगृहातला कोणी तरुण साहाय्यक रात्री उशिरा, पुढच्या भागाच्या गडबडीत भरीत असतो. त्याला फोन करून आपले नाव त्याने कसे लिहिले आहे, ते अक्षरन्‌अक्षर वाचून दाखवावयास सांगावे.